स्ट्रोक झालेल्या मित्राला भेटायला जावं का, आणि गेलं तर नेमकं काय करावं

प्रश्न थोडक्यात असा. मित्र ५२ वर्षांचा, दीड महिन्यापूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकून स्ट्रोक झाला, आता घरी आलाय. उजवा पाय थोडाफार उचलतो, उजवा हात जवळजवळ लुळा, बोलणं म्हणजे चार-पाच शब्द. तुम्ही चौघं त्याचे शाळेपासूनचे दोस्त. एकदा सगळे मिळून हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलात तर तुम्हाला बघून तो हमसून हमसून रडला आणि तेव्हापासून वहिनी म्हणतायत की सध्या नका येऊ, त्याला कोणी नकोय. तर जावं की नाही, गेल्याने त्याला त्रास होईल का, आम्ही काही डॉक्टर नाही मग आमचा उपयोग तरी काय, आणि तो किती सुधारेल.

मी न्यूरो फिजिओथेरपिस्ट आहे, बरीच वर्षं स्ट्रोकचेच पेशंट बघतेय, त्यामुळे सरळ सांगते. जा. नक्की जा. फक्त हॉस्पिटलमध्ये जसे सगळे मिळून गेलात तसे जाऊ नका, आणि दोन-तीनदा जाऊन मग थांबणार असाल तर त्यापेक्षा आधीच नीट ठरवून कमी जा पण जात राहा.

होतं काय, की पहिल्या महिन्यात माणसांची रीघ लागते, आयसीयूच्या बाहेर उभं राहायला जागा नसते, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, जेव्हा पेशंटला खरी माणसं लागतात, तेव्हा घरात बायको-मुलं सोडली तर कोणी नसतं. हा फक्त माझा अनुभव नाही. नॉर्थकॉट आणि हिलारी या दोन संशोधकांनी २०११ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता, स्ट्रोकनंतर मित्र का तुटतात. त्यात जी कारणं आली ती वाचून वाईट वाटतं कारण त्यात भांडण वगैरे काहीच नाही. आधी जे एकत्र करायचे ते करता येत नाही, पेशंटची ताकद लगेच संपते, बोलता येत नाही, घराबाहेर पडणं अवघड, समोरच्याला कसं वागावं कळत नाही, आणि पेशंट स्वतःच आत आत जातो. घरची नाती बहुतेक टिकतात, मैत्री मात्र हळूहळू सुटत जाते, कोणीच ठरवून सोडत नाही तरी सुटते. म्हणून तुम्ही हा प्रश्न दीड महिन्यात विचारला याचा मला खरंच आनंद झाला.

आता उपयोग काय, ते सांगते. १९९३ मध्ये ग्लास आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता, पहिला स्ट्रोक झालेल्या लोकांना सहा महिने फॉलो केलं, तर ज्यांच्याभोवती माणसांचा चांगला आधार होता ते जास्त लवकर आणि जास्त प्रमाणात स्वतःची कामं करायला लागले, स्ट्रोक मोठा असला तरी. मग याच धर्तीवर पुढे एक ट्रायल झाली, २००४ मध्ये तिचे निकाल आले, ज्यात ट्रेनिंग घेतलेले लोक पेशंटच्या घरी जाऊन त्याला आणि घरच्यांना मानसिक-सामाजिक आधार द्यायचं काम करत होते, आणि त्याने एकूणात रोजची कामं स्वतः करण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. मी याचा अर्थ असा घेते की आधार हा बाहेरून नेऊन बसवता येत नाही, जो आहे तो टिकवावा लागतो. तुमची चाळीस वर्षांची ओळख मी कुठल्याही सेशनमध्ये तयार करू शकत नाही.

आणि अजून एक, घरच्यांसमोर तो पेशंट असतो. दिवसभर त्याला कोणीतरी आंघोळ घालतंय, गोळ्या देतंय, उठ म्हणतंय, बस म्हणतंय. मित्रासमोर तो पुन्हा तोच असतो ज्याच्याशी तुम्ही वाद घालायचा. ही गोष्ट व्यायामाइतकीच महत्त्वाची आहे असं माझं ठाम मत आहे.

आधी रडण्याचं बोलू, कारण तिथेच तुम्ही सगळे अडलाय. स्ट्रोकनंतर रडण्यावर आणि हसण्यावर मेंदूचा जो ब्रेक असतो तो सैल होतो. ओळखीचा चेहरा दिसला, कोणी नाव घेतलं, टीव्हीवर काही लागलं, की बांध फुटल्यासारखं रडू येतं, आणि एक-दोन मिनिटांत थांबतं पण. कधी कधी चुकीच्या वेळी हसूही येतं. त्या रडण्याइतकं दुःख आत असेलच असं नाही, बऱ्याचदा पेशंटला स्वतःलाच त्याची लाज वाटते आणि म्हणून तो म्हणतो कोणी येऊ नका. तुम्ही काय करायचं, तर घाबरायचं नाही, गळ्यात पडून आपणही रडत बसायचं नाही, उठून निघायचं तर अजिबात नाही. जरा नजर बाजूला, एक-दोन मिनिटं शांत, मग साधं काहीतरी दुसरं, खिडकी उघडू का, मॅच लावू का. दोन-तीन भेटींनंतर त्याला कळतं की हे रडलं तरी पळत नाहीत, आणि मग बहुतेक वेळा रडणंही कमी होतं. नाहीच झालं तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध असतं.

पण डिप्रेशन वेगळं. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला कधी ना कधी डिप्रेशन येतं आणि ते पकडायला उशीर होतो कारण घरच्यांना वाटतं एवढं झाल्यावर उदास असणारच. दिवसेंदिवस कशातच रस नाही, झोप उडालीय किंवा सारखा झोपूनच, जेवण कमी, फिजिओला नको म्हणतो, तोंड भिंतीकडे करून पडतो, तर हे वहिनींना आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जगून काय उपयोग अशा अर्थाचं काही त्याने शब्दाने किंवा खुणेने सांगितलं तर ते मनावर घ्या, त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला, त्याला एकटं ठेवू नका. औषधांनी आणि समुपदेशनाने हे सुधारतं, आणि हे सुधारलं की व्यायामही मार्गी लागतो.

पहिली भेट कशी करायची. चौघांनी मिळून नाही. त्याचा सगळ्यात जवळचा जो असेल त्याने एकट्याने. आधी त्याच्या फोनवर एक छोटा व्हॉइस मेसेज, म्हणजे वहिनींच्या नाही, त्याच्या. शनिवारी सकाळी दहाला येतो, पंधरा मिनिटं बसतो, बोलायचं काही नाही, जमेल का, अंगठा वर की खाली एवढंच पाठव. त्याने खाली पाठवला तर बरं म्हणा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. नाही म्हणण्याचा हक्क त्याच्याकडे राहू द्या, सध्या त्याच्या हातात फार कमी गोष्टी आहेत. पण विचारणं थांबवू नका. सकाळची वेळ बहुतेकांना बरी पडते कारण स्ट्रोकनंतरचा थकवा हा वेगळाच प्रकार असतो, साधं दहा मिनिटं ऐकत बसणं म्हणजे त्याच्या मेंदूला दिवसभराचं काम केल्यासारखं होतं आणि झोपून उठलं तरी तो जात नाही. डोळे जड झाले, उत्तरं यायला वेळ लागायला लागला, की निघा, आणि निघताना पुढचा वार ठरवून निघा.

आता बोलणं. उजवी बाजू गेलेली आणि बोलणंही गेलेलं, म्हणजे बहुतेक अफेझिया आहे, डाव्या मेंदूत भाषेचं केंद्र असतं तिथे मार लागलाय. स्ट्रोकच्या साधारण एक तृतीयांश पेशंटमध्ये हे होतं. यात माणसाची बुद्धी जात नाही हो. त्याला तुम्ही कोण, आज काय वार, घरात पैशाचं काय चाललंय हे सगळं कळत असतं, विचार तयार असतो पण तो शब्दात उतरत नाही, किंवा वेगळाच शब्द बाहेर पडतो. समजण्यातही थोडाफार घोळ असू शकतो, खासकरून लांब वाक्यं आणि दोन-तीन माणसं एकदम बोलत असतील तर. म्हणून टीव्ही बंद, एका वेळी एकच जण, समोर बसून, छोटी वाक्यं, पण आवाज चढवायचा नाही आणि लहान मुलाशी बोलल्यासारखं तर मुळीच नाही. प्रश्न विचारलात की थांबा. मनात दहापर्यंत मोजा, खरंच मोजा, कारण आपल्याला तीन सेकंद शांतता सहन होत नाही आणि आपण त्याचं वाक्य पुरं करून टाकतो, आणि नेमका तेव्हाच त्याचा शब्द येत असतो.

टोरांटोमध्ये ऑरा केगन नावाच्या स्पीच तज्ज्ञ आहेत, त्यांनी अफेझियाच्या लोकांशी बोलण्यासाठी साध्या माणसांना, स्वयंसेवकांना ट्रेनिंग द्यायची पद्धत काढली आणि २००१ मध्ये दाखवून दिलं की समोरचा माणूस बोलायला शिकला की पेशंटही जास्त सांगू शकतो, पेशंटला वेगळं काही न शिकवता. त्यातली दोन तत्त्वं तुम्ही उचला. एक, तोंडाने म्हणा की मला माहितेय तुला माहितेय. अडकला की हे वाक्य म्हणा, चेहरा लगेच सैल पडतो. दोन, वही आणि जाड मार्कर घेऊन बसा. समजा तो काहीतरी सांगायला धडपडतोय, हात दाराकडे करतोय. तुम्ही मोठ्या अक्षरात लिहा, घर, ऑफिस, पैसे, दुसरं काही, आणि एकेक बोट ठेवत विचारा. त्याने ऑफिसवर बोट ठेवलं की त्याखाली लिहा, माणूस, काम, पगार. असं उतरत उतरत पाच मिनिटांत तुम्ही पोचता की त्याला ऑफिसच्या कपाटाच्या किल्ल्या परत करायच्यात आणि पंधरा दिवस तो हेच सांगतोय. एक सावधगिरी, त्याचं हो आणि नाही सुरुवातीला उलटसुलट येऊ शकतं, मनात नाही आणि तोंडातून हो. म्हणून अंगठ्याने किंवा लिहिलेल्या हो-नाहीवर बोट ठेवून खात्री करा. आणि कळलं नाही तर कळल्यासारखी मान डोलवू नका, त्याला ते लगेच समजतं आणि फार लागतं. सरळ म्हणा, नाही लक्षात आलं रे, जरा वेळाने परत बघू.

परीक्षा घेऊ नका. हे काय आहे सांग, माझं नाव सांग, ही कोण ओळख, हे प्रत्येक पाहुणा करतो. ते काम स्पीच थेरपिस्टचं आहे आणि ते पायरीपायरीने करतात. पण गाणं मात्र म्हणा. ज्याला एक वाक्य बोलता येत नाही तो कधी कधी जुन्या गाण्याची अख्खी ओळ म्हणतो, एक ते दहा आकडे म्हणतो, शिव्याही व्यवस्थित देतो, आणि तुम्ही शाळेचे दोस्त म्हणजे त्या येणारच. पाठ असलेलं, सवयीचं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं म्हणून असं होतं, त्यात त्याने आधी नाटक केलं असं कोणी समजू नका. चालीवर बोलायला शिकवण्याची एक थेरपीच १९७० च्या दशकापासून आहे. शिवाय २००८ मध्ये फिनलंडमधला एक चांगला अभ्यास आला होता, स्ट्रोकनंतर सुरुवातीचे महिने ज्यांनी रोज आपल्या आवडीची गाणी ऐकली त्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि लक्ष जास्त सुधारलं आणि मूडही बरा राहिला. तुम्हाला त्याची आवड माहीत आहे, वहिनींनाही कदाचित कॉलेजच्या वेळची यादी माहीत नसेल, ती तुम्ही करा.

ग्रुपमधून त्याला काढू नका, आणि त्याच्यासाठी ग्रुप गंभीरही करू नका. त्याला वाचायला त्रास होत असेल तर लांब मेसेजऐवजी फोटो आणि छोटे व्हॉइस मेसेज. तो स्टिकर पाठवेल, चालेल, ते उत्तरच आहे.

हाताकडे येते, कारण इथे मित्र म्हणून तुम्ही थेट कामाचे आहात. मेंदू नवीन वाटा शोधतो हे आता सगळ्यांना माहितेय, पण त्यासाठी किती वेळा करावं लागतं याचा अंदाज लोकांना नसतो. २००९ मध्ये लँग आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच ठिकाणी जाऊन थेरपीचे सेशन प्रत्यक्ष मोजले, तर एका सेशनमध्ये हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला शेकडो लागतात. म्हणजे थेरपिस्टचा पाऊण तास हा पुरत नाहीच, उरलेल्या दिवसात काय होतं त्यावर खूप अवलंबून आहे. आणि उरलेल्या दिवसात काय होतं, तर डावा हात सगळं करून टाकतो. उजव्याने चार वेळा केलं, जमलं नाही, लाज वाटली, सोडून दिलं, मग थोडी ताकद परत आली तरी तो हात वापरायचं मेंदू विसरलेला असतो. एडवर्ड टाउब यांनी हे आधी माकडांमध्ये दाखवलं आणि त्यावरूनच चांगला हात बांधून ठेवून कमजोर हाताकडून काम करून घ्यायची थेरपी निघाली. ती तुमच्या मित्राला आत्ता लागू नाही, त्यासाठी मनगट आणि बोटं थोडी तरी उघडावी लागतात, आणि ते थेरपिस्ट ठरवेल, तुम्ही घरी त्याचा डावा हात बांधू नका. पण विचार तोच ठेवा, उजव्याला काहीतरी काम द्या.

माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, त्यांचा मित्र दर रविवारी बुद्धिबळाचा पट घेऊन घरी यायचा. सुरुवातीला उजवा हात फक्त पटाच्या कडेवर ठेवलेला, पट सरकू नये म्हणून, एवढंच त्याचं काम. पुढे बोटं थोडी हलायला लागल्यावर अट अशी की स्वतःच्या चाली उजव्यानेच. घोडा उचलताना बाजूचे दोन मोहरे पडायचे. मित्र ते उचलायचा नाही, घाई करायचा नाही, मोबाइलमध्येही बघायचा नाही, नुसता पटाकडे बघत बसायचा, आपली पुढची चाल शोधत असल्यासारखा. आणि हे गृहस्थ पडलेलं प्यादं दोन बोटांत पकडायचा प्रयत्न करत राहायचे, सुटायचं, परत. मी त्यांना क्लिनिकमध्ये लाकडी ठोकळे उचलायला दिले तर दहाव्या ठोकळ्याला ते कंटाळायचे. पटावर मोजायचंच कोणाच्या डोक्यात नसायचं. तुमच्यात पत्ते चालत असतील तर पत्ते, कुठली मशीन उघडून बसायची आवड असेल तर स्क्रू, जुने फोटो असतील तर ते एकेक काढून लावणं. डाव्याने करायचं तर उजव्याने धरून ठेवायचं, बाटली, वही, डबा. काय झेपेल ते एकदा त्याच्या फिजिओच्या सेशनला बसून विचारून घ्या, अर्थात आधी त्याला विचारून. बहुतेक थेरपिस्टना असं कोणी आलं की बरंच वाटतं.

आता एक गोष्ट फार कळकळीने सांगते. त्याचा उजवा हात धरून त्याला कधीही ओढू नका, उठवायला नाही, चालवायला नाही, आणि काखेत हात घालून वर उचलू नका. खांद्याची खोबण उथळ असते, हाड जागेवर धरून ठेवायचं काम स्नायू करतात, आणि त्याचे स्नायू सध्या ढिले आहेत, नुसत्या हाताच्या वजनानेच सांधा खाली सरकतो. हाडाच्या वर बोट बसेल इतकी खाच कधी कधी हाताला लागते. त्यात प्रेमाने दिलेला एक झटका आणि पुढे खांदेदुखी महिनोनमहिने, रात्रीची झोप नाही, हात हलवू देत नाही, सगळी प्रगती तिथे अडकते. बसला असेल तेव्हा उजवा हात टेबलावर किंवा उशीवर टेकलेला आहे ना, लोंबत नाहीये ना, हे बघा. खुर्चीतून उठताना त्याला आधी पुढे सरकू द्या, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे, दोन्ही टाचा टेकलेल्या, मग धड पुढे झुकवायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं, आणि मग उठायचं. तुम्ही उजव्या बाजूला, हात लागलाच तर कमरेला किंवा पाठीला. चालतानाही उजवीकडे आणि थोडं मागे.

आणि चालताना त्याच्याशी बोलू नका. ऐकायला विचित्र वाटतं, मित्र म्हणजे चालता चालता गप्पा, पण सध्या चालणं हे त्याच्यासाठी आपोआप होणारं काम राहिलेलं नाही, प्रत्येक पाऊल विचार करून पडतंय, तुम्ही प्रश्न विचारला की एक तर तो थांबेल नाहीतर तोल जाईल. थांबा, बसा, मग बोला. पडलाच तर लगेच खेचून उभं करू नका, डोक्याला लागलंय का, कुठे दुखतंय का बघा, आणि सावकाश खुर्चीच्या आधाराने उठवा. तो रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असेलच, त्यामुळे डोकं आपटलं असेल तर बरा दिसला तरी हॉस्पिटलमध्ये दाखवाच.

खायला-प्यायला काही नेण्याआधी वहिनींना विचारा. स्ट्रोकनंतर गिळण्याचा त्रास खूप जणांना असतो, आणि साधं पाणी हेच सगळ्यात अवघड असतं, पातळ असल्यामुळे ते पटकन श्वासनलिकेकडे जातं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. खाताना सरळ ताठ बसलेला हवा, गप्पा नकोत, उजव्या गालात घास साठून राहतो तो रिकामा झालाय ना बघायचं, नंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. प्यायल्यावर खोकला आला किंवा आवाज ओला, गुळगुळ आल्यासारखा झाला तर थांबा आणि सांगा.

काय बोलू नये हेही सांगून टाकते. तू दोन महिन्यांत ठणठणीत होशील. विल पॉवर पाहिजे बघ. माझ्या ओळखीतला एक तर पळायला लागला. यातलं प्रत्येक वाक्य चांगल्या मनाने येतं आणि पेशंटपर्यंत पोचताना असं होतं की तू सुधारत नाहीयेस म्हणजे तूच कमी पडतोयस. त्यापेक्षा जे दिसलं ते बोला, मागच्या वेळी दारापर्यंत आधार लागला होता, आज नाही लागला. आणि कोणीतरी सांगितलेली मुळी, चूर्ण, तेल, चमत्कारी मसाजवाला यांची माहिती थेट त्याच्यापर्यंत नेऊ नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करायचं नाही आणि बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी तर स्वतःहून बंद करायचीच नाही.

कारण दुसऱ्या स्ट्रोकचा धोका खरा आहे, साधारण चार स्ट्रोकमधला एक हा आधी स्ट्रोक होऊन गेलेल्या माणसाला झालेला असतो. आणि इथे एक अवघड विषय, तुम्ही एकत्र बसून सिगारेट, दारू करत असाल तर ते. इंटरस्ट्रोक नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात २०१६ मध्ये दिसलं की जवळजवळ ९० टक्के स्ट्रोकचा धोका दहा बदलता येण्यासारख्या कारणांशी जोडलेला आहे, त्यात बीपी सगळ्यात वर, आणि सिगारेट, दारू, व्यायाम नसणं हेही आहेच. त्याला एकट्याला सोड म्हणणं आणि आपण बाल्कनीत जाऊन ओढणं याने काही होत नाही. क्रिस्टाकिस आणि फाउलर यांनी २००८ मध्ये दाखवलं की एका मित्राने सिगारेट सोडली की दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी कमी होते. तुम्ही चौघांपैकी जो ओढतो त्याने सोडावी, ही मी तुमच्याकडे केलेली विनंती समजा, आणि सगळ्यांनी आपापलं बीपी मोजून घ्या, वय तुमचंही तेच आहे.

पुन्हा स्ट्रोक झाला तर ओळखायचं कसं, कारण याचं तोंड आधीच थोडं वाकडं आहे, हात आधीच कमजोर आहे. बघायचं ते नवीन काय झालं. आधीपेक्षा तोंड जास्त वाकडं, चांगला हात अचानक पडला, येणारे शब्दही गेले, अचानक एका बाजूचं दिसेना, तोल गेला, कधी नव्हे इतकं डोकं दुखतंय. वेळ बघा, शेवटचा नीट कधी होता ती वेळ डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगायची असते, आणि ताबडतोब अ‍ॅम्ब्युलन्स. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, नळी घालून गुठळी काढणं काही निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत जमतं, पण मोठी नस बंद असेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, म्हणून थोडं थांबून बघू हे चालणार नाही. घरी तोंडात पाणी किंवा अ‍ॅस्पिरिन घालू नका, स्कॅन झाल्याशिवाय हा गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा कोणालाच कळत नाही.

वहिनींबद्दल. काही लागलं तर सांगा, हे म्हणू नका, त्या कधीच सांगणार नाहीत. मंगळवारी चार ते सहा मी त्याच्याजवळ बसतो, तुम्ही बाहेर जा नाहीतर झोपा, असं वेळ धरून म्हणा. बँकेची, इन्शुरन्सची, ऑफिसच्या रजेची कागदपत्रं तुमच्यातला जो यात हुशार असेल त्याने अंगावर घ्यावी, मात्र सही-निर्णयाच्या गोष्टी त्याच्यासमोर, त्याला दाखवून, त्याचा अंगठा वर आल्यावर. घरात बसून त्याच्या डोक्यावरून त्याच्याबद्दल बोलणं ही सवय फार पटकन लागते. सध्या त्या म्हणतायत नका येऊ, तर त्यांच्यावर रागावू नका, तो रडला की नंतर तीन तास त्यांनाच सावरावं लागतं. हे उत्तर त्यांना वाचून दाखवलंत तरी चालेल.

किती सुधारेल हा तुमचा शेवटचा प्रश्न. इथे बसून मी आकडा देणार नाही, त्याचा स्कॅन आणि तपासणी बघितलेले डॉक्टरच अंदाज देऊ शकतील. सर्वसाधारणपणे सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी, मग मंदावतो. पाय बहुतेक वेळा हाताच्या आधी येतो, बोटांची बारीक कामं सगळ्यात शेवटी. सहा महिन्यांनंतर काही होत नाही असं जे पसरलंय ते खोटं आहे, बोलणं तर वर्षानुवर्षं सुधारताना मी बघितलंय, फक्त मेहनत जास्त आणि फळ थोडं थोडं. चालण्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास गेला की माणूस साधारणपणे बाहेर मोकळेपणी फिरू शकतो असं आम्ही धरतो. घरात दहा मीटर मोजून फिजिओकडून शिकून घेतलंत तर महिन्यातून एकदा तुम्हीही हे बघू शकता, साडेबारा सेकंद लागले तर पोचलाच. गाडी मात्र डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय चालवू द्यायची नाही, कितीही आग्रह केला तरी, नजरेतले आणि लक्षातले दोष त्याला स्वतःला जाणवतीलच असं नाही.

म्हणून प्लॅन वर्षभराचा करा. चौघं आहात, आठवड्यातून दोघांचा प्रत्येकी एक वार, पुढच्या आठवड्यात दुसरे दोघं, भेट अर्धा-पाऊण तास, आणि ज्याला जमणार नाही त्याने त्याला स्वतः कळवायचं, परस्पर नाही. साधारण पाच-सहा महिन्यांनी फिजिओचे सेशन कमी होतात, कधी खर्चामुळे, कधी घरचे थकतात म्हणून, आणि नेमका त्याच वेळी लोकांचं येणंही बंद झालेलं असतं. कॅलेंडरवर तो महिना आत्ताच खूण करून ठेवा, आणि तेव्हा प्रत्येकाने एक वार वाढवा.